जुन्या पिकअपचा क्लच घरच्या घरी बदलताना

डिचोली तालुक्यातील नार्वे हे गाव मांडवीच्या काठी वसलेले असून, १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करविलेल्या श्री सप्तकोटेश्वराच्या देवालयामुळे ते सर्वत्र परिचित आहे. गावच्या धक्क्यावरून समोरच्या दिवाडी बेटाकडे नदी परिवहन खात्याची फेरीबोट जाते. या बोटीत चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहनांमध्ये जुन्या पिकअप गाड्या हमखास दिसतात. नारळाच्या राशी, भाजीच्या टोपल्या, बांधकामाचे सिमेंट, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचा माल आणि चतुर्थीच्या दिवसांत माटोळीचे सामान या गाड्या वाहतात. अशी एक गाडी म्हणजे पुष्कळदा एका कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन होय. ती ऐन हंगामात आठ दिवस अंगणात उभी राहिली तर होणारे नुकसान दुरुस्तीच्या बिलाहून अधिक असते.

या गाड्यांच्या ज्या भागाची झीज सर्वांत आधी होते आणि जिच्याकडे सर्वांत उशिरा लक्ष जाते, तो भाग म्हणजे क्लच. फेरीच्या धक्क्यावर त्याचे कारणही पाहावयास मिळते. ओहोटीच्या वेळी पाणी खाली गेलेले असल्याने ओला, निसरडा उतार अधिक लांब उघडा पडतो. बोटीतून बाहेर पडणारी भरलेली गाडी चढावर येते आणि पुढील वाहन हलेपर्यंत तिला तेथेच थांबावे लागते. अशा वेळी हातब्रेक ओढण्याऐवजी चालक क्लचचे पेडल अर्धे दाबून, इंजिनाचा वेग वाढवून गाडी जागच्या जागी तोलून धरतो. गोकुळाष्टमीच्या यात्रेस गर्दी झाली म्हणजे हा प्रकार मिनिटामिनिटाला घडतो. त्या काही क्षणांत क्लच प्लेटचे अस्तर इतके तापते की जळका वास गाडीबाहेर उभ्या असलेल्यासही येतो.

क्लचचे कार्य तत्त्वतः साधे आहे. इंजिनाच्या मागील टोकास फ्लायव्हील नावाचे जड लोखंडी चक्र असते. त्याला लागून घर्षणाचे अस्तर दोन्ही बाजूंनी रिव्हेटने जडविलेली क्लच प्लेट असते आणि तिच्यामागे स्प्रिंगच्या जोराने तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट असते. क्लच प्लेटच्या मधोमध असलेल्या दातेरी छिद्रातून गिअरबॉक्सचा शाफ्ट जातो. पेडल मोकळे असताना हे तिन्ही भाग एकजीव होऊन फिरतात व इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत जाते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटचा दाब काढून घेते, प्लेट सुटी होते आणि गिअर बदलता येतो. मोटारीच्या आरंभीच्या काळात चामडे लावलेले शंकूच्या आकाराचे क्लच वापरीत. पुढे घर्षणासाठी खास तयार केलेली अस्तरे आली आणि एका कोरड्या प्लेटचा आजचा क्लच रूढ झाला. १९८८ मध्ये बाजारात आलेली टाटामोबाइल असो की महिंद्राची जुनी जीप-पिकअप असो, रचना मुळात हीच आहे.

झीज की केवळ बिघडलेली जुळणी?

गाडीचा वेग वाढत नाही पण इंजिनाचा आवाज मात्र वाढतो, चढावर भरलेली गाडी दम टाकते, पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावरच गाडी हलू लागते, ही झिजलेल्या क्लचची ओळखीची लक्षणे होत. खात्री करून घेण्यासाठी गाडी सपाट व मोकळ्या जागी उभी करावी, हातब्रेक घट्ट ओढावा, चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि समोर कोणी उभे नाही हे पाहावे. इंजिन चालू करून तिसरा किंवा चौथा गिअर टाकावा आणि पेडल हळूहळू सोडावे. क्लच चांगला असेल तर इंजिन तत्काळ बंद पडते. ते चालूच राहिले तर प्लेट घसरत आहे असे समजावे. ही परीक्षा एकदाच करावी. वारंवार केल्यास उरलेसुरले अस्तरही तिच्यातच संपते.

तथापि, गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य तपासली पाहिजे. तार किंवा दांडीने चालणाऱ्या क्लचमध्ये पेडल हाताने दाबले असता पहिले सुमारे २० ते २५ मिलिमीटर ते सैलपणे खाली गेले पाहिजे. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. हा सैलपणा नाहीसा झाला असेल तर पेडल मोकळे असतानाही प्रेशर प्लेटवरील दाब पूर्णपणे बसत नाही आणि चांगली प्लेटही घसरू लागते. अशा वेळी दोन नट फिरवून होणाऱ्या कामासाठी संपूर्ण गाडी खोलण्याची पाळी येऊ शकते. अनेकांवर ती आलेलीही आहे.

गिअर टाकताना खरखर आवाज होणे हे मात्र निराळे दुखणे होय. तेथे प्लेट घसरत नसून पूर्ण सुटत नसते. त्याचे मूळ बहुधा तेलावर चालणाऱ्या मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरच्या गळतीत अथवा ताणलेल्या तारेत असते. पेडल दाबताच घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग संशयास्पद मानावे. उलट, गाडी न्यूट्रलमध्ये व पेडल मोकळे असताना येणारा आवाज पेडल दाबताच थांबत असेल तर दोष गिअरबॉक्समधील बेअरिंगचा असण्याचा संभव अधिक. गाडी सुटताना हादरे बसत असतील तर प्लेटवर तेल उतरले असण्याची किंवा इंजिनाचे रबरी माउंटिंग फाटले असण्याची शक्यता असते.

हे काम कोणी करावे?

क्लचच्या दुरुस्तीत सुट्या भागांच्या किमतीइतकाच, किंबहुना त्याहून मोठा वाटा गिअरबॉक्स उतरविण्या-चढविण्याच्या श्रमाचा असतो. म्हणून हे काम स्वतः केल्यास खर्चात लक्षणीय बचत होते. डिचोली तालुक्यात असे काम करू शकणाऱ्यांची वाण नाही. खनिजवाहू ट्रकांच्या काळात गावोगावी अनेकांनी चालकाबरोबर मेकॅनिकचे कामही आत्मसात केले. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा त्यांच्यापैकी काहींनी पिकअपच्या भाड्यावर संसार रेटला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार यांत्रिकीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेले तरुणही आहेत. ज्याने पूर्वी कधीच पाना हातात धरलेला नाही, त्याने अशा जाणकाराच्या सोबतीनेच या कामास हात घालावा.

येथे दिलेली माहिती इंजिन पुढे, गिअरबॉक्स त्याच्या मागे सरळ रेषेत आणि शक्ती मागील चाकांना, अशा जुन्या पिकअपपुरतीच आहे. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सला आणखी एक जड पेटी जोडलेली असते. ती दोन माणसांनी जमिनीवर झोपून उतरविणे धोक्याचे आहे. अशी गाडी गॅरेजमध्येच न्यावी.

कामास दोन माणसे लागतात. त्यांपैकी एकाने संपूर्ण वेळ गाडीबाहेर राहावे. छापील पुस्तिकांत या कामास काही तासांचा अवधी दाखविलेला असतो, पण पुस्तिका लिहिणाऱ्यांचे नटबोल्ट बहुधा गंजलेले नसतात. नदीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे राहिलेल्या गाडीसाठी पहिल्या खेपेस पूर्ण दोन दिवस हाताशी ठेवावेत आणि आदल्या रात्रीच सर्व बोल्टांवर गंज सैल करणारे तेल सोडून ठेवावे. पावसाळ्यात उघड्यावर हे काम होत नाही. घराशेजारी पक्क्या जमिनीचा मांगर असेल तर उत्तम.

गाडीखालील जीव

या कामात सर्वांत मोठा धोका आहे तो गाडी अंगावर येण्याचा, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा टेकूसाठी निवडलेली वस्तू हेच असते. गोमंतकात घरोघरी जांभ्या दगडाचे चिरे पडलेले असतात व ते गाडीखाली सरकविण्याचा मोह स्वाभाविक आहे. भिंतीत रचलेला चिरा भार पेलतो, कारण तो भार त्याच्या सर्व पृष्ठभागावर पसरलेला असतो. गाडीच्या चॅसिसची अरुंद पट्टी मात्र त्याच्या एका रेषेवर टेकते. जांभा दगड मुळात सच्छिद्र असल्याने तेथे तो पूर्वसूचना न देता फुटतो. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचेही तसेच. माडाचा गोल ओंडका घरंगळतो. गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली जाणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. त्याचे तेल केव्हा सुटेल याचा नेम नसतो.

गाडीच्या वजनास पुरेसे असे चार लोखंडी स्टँड विकत, भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून मिळवावेत. मातीच्या किंवा शेणाने सारवलेल्या अंगणात स्टँडचे पाय रुततात. तेथे प्रत्येकाखाली जाड, रुंद फळी घालणे आवश्यक आहे. स्टँड लावल्यावर आणि गाडीखाली जाण्यापूर्वी गाडी हातांनी दोन्ही बाजूंनी जोराने हलवून पाहावी. ती हलली तर आत्ताच हललेली बरी. काढलेले चाक अथवा स्टेपनी चॅसिसखाली आडवे सरकवून ठेवल्यास तो आणखी एक आधार होतो. लहान मुलांना त्या दिवशी अंगणात फिरकू देऊ नये.

दुसरा धोका धुळीचा आहे व तो डोळ्यांस दिसत नाही. जुन्या काळच्या क्लच अस्तरांत अ‍ॅसबेस्टॉस वापरीत असत. त्याची सूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास अनेक वर्षांनंतर गंभीर आजार उद्भवतात. गाडीत सध्या असलेल्या प्लेटचे अस्तर कशाचे आहे हे ठाऊक नसेल तर ते अ‍ॅसबेस्टॉसचे आहे असे समजूनच वागावे. घंटेच्या आकाराच्या कवचातील काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये, झाडूने झटकू नये. नाकातोंडावर योग्य मास्क बांधून ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे.

गिअरबॉक्स उतरविणे

प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार काढावी. स्टार्टरचे बोल्ट सोडताना ती जोडलेली असल्यास पाना ठिणगी पाडतो. केबिनमधून गिअरचा दांडा सोडवून उघड्या छिद्रावर स्वच्छ कापड बांधावे. खाली, मागील चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही तबकड्यांवर छिन्नीने किंवा रंगाने खूण करून मगच तो सुटा करावा. तो पूर्वीच्याच स्थितीत परत बसला नाही तर गाडीस थरथर लागते. ज्या गाड्यांत शाफ्टचे टोक गिअरबॉक्समधून सरकून बाहेर येते, त्यांत गिअर तेल आधी काढून घ्यावे. स्पीडोमीटरची तार, मागील दिव्याच्या वायरी व स्टार्टर सोडवावा. स्लेव्ह सिलिंडर त्याच्या नळीसह, नळी न उघडता, बाजूस तारेने टांगून ठेवावा. नळी उघडली नाही तर पुढे हवा काढण्याचा खटाटोप वाचतो. निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या डब्यात जावा, कारण कवचाचे बोल्ट अनेकदा वेगवेगळ्या लांबीचे असतात.

गिअरबॉक्सखालील आडवी पट्टी काढण्यापूर्वी इंजिनास आधार द्यावा लागतो, अन्यथा ते मागे कलते. ऑइल चेंबरखाली जाड फळी ठेवून तिच्याखाली जॅक लावावा. धातूचा जॅक थेट टेकविल्यास चेंबर चेपतो. दुसरा जॅक गिअरबॉक्सखाली हवा. यानंतर कवचाभोवतीचे बोल्ट काढावेत, परंतु वरच्या बाजूचे समोरासमोरचे दोन शेवटपर्यंत ठेवून द्यावेत. ते काढताच त्यांच्या जागी डोके कापलेले दोन लांब बोल्ट हाताने बसवावेत. या दोन खुंट्यांवरून गिअरबॉक्स सरळ मागे सरकतो आणि त्याचा भार मध्येच प्लेटवर लटकत नाही. ही खबरदारी न घेतल्यास प्लेटचा मधला भाग वाकतो. गिअरबॉक्स चढविताना हीच चूक झाली तर नवी कोरी प्लेट पहिल्याच दिवशी निकामी होते. तो पूर्ण मोकळा झाला की जॅकवर स्थिर धरून हळूहळू खाली घ्यावा. छातीवर किंवा गुडघ्यांवर पेलण्याचे धाडस अनुभवी मेकॅनिक करताना दिसतात. त्यांचे अनुकरण करू नये.

प्रेशर प्लेटचे बोल्ट स्प्रिंगच्या दाबाखाली असतात. एक पूर्ण सोडून मग दुसरा, असे केल्यास कव्हर वाकते. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने एकेक फेरा सैल करीत जावे.

आता जे दिसेल ते नीट पाहणे, हा या सर्व कामातील महत्त्वाचा भाग आहे. अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत समपातळीवर झिजले असेल तर ती स्वाभाविक झीज होय. बहुतेक पुस्तिकांत रिव्हेटचे डोके अस्तराच्या पृष्ठभागाखाली किमान ०.३ मिलिमीटर असावे असे सांगितलेले असते. अस्तर पुष्कळ शिल्लक असून ते तेलाने काळे, चकचकीत झाले असेल तर मात्र दोष प्लेटचा नव्हे. इंजिनाच्या मागील किंवा गिअरबॉक्सच्या पुढील ऑइल सीलमधून तेल झिरपत आहे. ते सील न बदलता नवी प्लेट घातल्यास काही आठवड्यांत पुन्हा हीच सर्व उलाढाल करावी लागेल. फ्लायव्हीलवर निळसर डाग व बारीक चिरा दिसणे हे अर्ध्या क्लचवर गाडी तोलण्याच्या सवयीचे चिन्ह होय. चरे उथळ असतील तर लेथवर पृष्ठभाग साफ करून घेता येतो, परंतु तो किती घासावा यास मर्यादा आहे. खोल भेगा असतील तर चक्र बदलावे. फ्लायव्हीलच्या मध्यभागी असलेले लहान पायलट बेअरिंग किंवा बुश बोटाने फिरवून पाहावे. ते अडखळत असेल तर तेही बदलावे.

काटकसरीची कल्पना येथे थोडी बदलावी लागते. केवळ प्लेट बदलून प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग जुनेच ठेवण्याकडे अनेकांचा कल असतो. त्यातून आज काही रुपये वाचतात, पण ते बेअरिंग सहा महिन्यांनी गेले तर त्या लहानशा वस्तूसाठी संपूर्ण गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. म्हणून तिन्ही भाग एकत्रच, म्हणजे पूर्ण क्लच सेट घेणे फायद्याचे ठरते. दुकानात जाताना जुनी प्लेट पिशवीत बांधून बरोबर न्यावी. तिचा व्यास आणि मधल्या छिद्राचे दाते नव्या प्लेटशी मोजून पाहावेत व पक्की पावती घ्यावी. नावाजलेल्या कंपन्यांच्या पेटीत बनावट माल विकला जाण्याचे प्रकार होतात.

जुळणी

नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो. तो आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग थिनरने स्वच्छ पुसावा. या वेळी जवळपास विडी, दिवा किंवा चूल नसावी. अस्तरास हाताचे तेलही लागता कामा नये. रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये बुडवून धुण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती चुकीची आहे, कारण त्यामुळे बंद बेअरिंगमधील ग्रीस निघून जाते.

प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे असावी हे तिच्यावर छापलेले असते. सामान्यतः स्प्रिंग असलेला उंच भाग गिअरबॉक्सकडे येतो. उलटी बसलेली प्लेट गाडी पूर्ण जोडल्यावरच लक्षात येते, म्हणून येथे दोनदा पाहणे योग्य. प्लेट बरोबर मध्यभागी धरून ठेवण्यासाठी भंगारातून त्याच जातीच्या गिअरबॉक्सचा जुना शाफ्ट मिळाल्यास त्यासारखे साधन नाही. न मिळाल्यास गावातील सुताराकडून मापाचा लाकडी दांडा घडवून घ्यावा. पुढचे टोक पायलट बेअरिंगमध्ये व त्यामागील जाड भाग प्लेटच्या छिद्रात घट्ट बसेल अशी दोन मापे त्यास हवीत. दांडा आत असतानाच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळीत आणावे. ८ मिलिमीटरच्या बोल्टांसाठी सर्वसाधारणपणे २० ते २५ न्यूटन-मीटर इतका जोर पुरतो, तथापि पुस्तिकेतील आकडा अंतिम मानावा. शाफ्टच्या दात्यांवर ग्रीसचे केवळ बोट फिरवावे. जास्त झालेले ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जाते.

गिअरबॉक्स परत चढविताना तो अडतो, आणि बहुधा शेवटच्या दोन बोटांच्या अंतरावर अडतो. अशा वेळी कवचाचे बोल्ट आवळून त्यास ओढून आणण्याचा मोह होतो. तसे केल्यास कवचाचा कान तुटतो किंवा प्लेट मोडते. त्याऐवजी गिअर टाकून मागील टोकाचा शाफ्ट हाताने किंचित फिरवावा, जॅक थोडा खालीवर करून दोन्ही तोंडे समांतर आणावीत. दाते जुळले की गिअरबॉक्स विशेष जोर न लावता आत जातो. उरलेले भाग उलट क्रमाने जोडावे, गिअर तेल भरावे, पेडलचा सैलपणा पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. बॅटरी सर्वांत शेवटी जोडावी आणि गाडी स्टँडवरून उतरविल्यावरच पहिली चाचणी घ्यावी.

काढलेले जुने तेल खाजनात, मानशीजवळ किंवा गटारात ओतले जाते, हे सर्रास दिसते. भरतीच्या पाण्याबरोबर ते शेतात आणि कोळंबीच्या डबक्यांत पसरते. ते झाकणाच्या डब्यात भरून जुने तेल स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

नव्या अस्तरास फ्लायव्हीलवर नीट बसण्यास अवधी लागतो. पहिले सुमारे ५०० किलोमीटर गाडीत पूर्ण भार घालू नये आणि चढावर भरधाव सुटू नये. या काळात प्रवास चालू असताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय सोडण्याचा प्रयत्न करावा, कारण पायाचा तेवढा भारही बेअरिंग सतत फिरत ठेवतो. फेरीच्या धक्क्यावर थांबावे लागले तर हातब्रेक ओढून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि पुढील वाहन पूर्णपणे वर गेल्यानंतरच पहिला गिअर टाकावा. त्यासाठी हातब्रेक पकडतो की नाही हे गाडी अंगणात असतानाच पाहून घेतलेले बरे. पुष्कळ जुन्या पिकअपचा तो पकडत नाही, आणि चालक अर्ध्या क्लचवर गाडी धरतात ते बहुतेक त्याचमुळे.